घरातला जिना: पायरी किती उंच, कठडा कसा, आणि चूक नेमकी कुठे होते

प्रश्न थोडक्यात असा आहे. साताऱ्याजवळ ३० बाय ४० फुटांच्या प्लॉटवर तळमजला आणि वर एक मजला असं घर बांधायला घेतलंय. पुढच्या आठवड्यात जिन्याचं सेंटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा, सुरू होईल. ठेकेदाराचं म्हणणं, "१५ पायऱ्या काढू, ८ इंचाची उंची, ९ इंचाचा ट्रेड, जागा वाचते. रेलिंग अडीच फूट, स्टीलच्या आडव्या दांड्यांचं, दिसायला छान." घरात ७२ वर्षांची आई आहे आणि तीन वर्षांचा मुलगा. नियम नेमका काय आहे, आणि तो घरगुती जिन्यालाही लागू होतो का?

लागू होतो. आधी काम थांबवा, म्हणजे जिन्यापुरतं. बाकीचा स्लॅब चालू राहू दे. गेली सव्वीस वर्षं मी घरांची आणि छोट्या इमारतींची स्ट्रक्चरल कामं करतोय. काँक्रीट ओतल्यावर जी चूक दुरुस्त करताना घरमालकाच्या डोळ्यात पाणी येतं, ती बहुतेक वेळा जिन्याची असते. भिंत पाडून सरकवता येते, खिडकी मोठी करता येते. चुकलेला जिना मात्र माणूस आयुष्यभर चढतो.

नियम कुठून येतात ते आधी सांगतो. भारतीय मानक ब्यूरोची राष्ट्रीय बांधकाम संहिता आहे, आपण तिला एनबीसी म्हणतो. पहिली १९७० साली आली, आणि मी इथे २०१६ च्या आवृत्तीचे आकडे देतोय. ती स्वतःहून कायदा नाही. राज्य किंवा महापालिका आपल्या नियमावलीत घेते तेव्हा ती बंधनकारक होते. मुंबईला डीसीपीआर २०३४ ही स्वतःची विकास नियमावली आहे. महाराष्ट्राच्या बहुतेक बाकी भागाला डिसेंबर २०२० पासून यूडीसीपीआर, म्हणजे एकत्रित विकास नियमावली, लागू आहे. तुमचा मंजूर नकाशा याच नियमावलीवर पास झालेला असणार, तेव्हा त्यातला जिना एकदा उघडून बघा. अनेकदा नकाशावर जिना बरोबर असतो आणि साइटवर मिस्त्री आपल्या सवयीचा काढतो.

राहत्या घरासाठी लक्षात ठेवायचे आकडे फार नाहीत. जिन्याची रुंदी किमान १ मीटर. दोन मजली रो-हाउसच्या आतल्या जिन्याला ७५० मिलिमीटरची सवलत आहे, पण तुमचं घर स्वतंत्र आहे, ती सवलत मागू नका. पायरीची उंची, म्हणजे रायझर, जास्तीत जास्त १९० मिलिमीटर. पाय टेकायची जागा, म्हणजे ट्रेड, नोझिंग (पायरीची पुढे आलेली कड) सोडून किमान २५० मिलिमीटर. शाळा, दवाखाना, दुकानं, ऑफिस अशा ठिकाणी हेच आकडे १५० आणि ३०० होतात, कारण तिथे अनोळखी माणसं, घाईत, गर्दीत चढतात. कठडा १ मीटर उंच, आणि ही उंची ट्रेडच्या मध्यापासून दांडीच्या माथ्यापर्यंत मोजायची. जिन्याखालून किंवा लँडिंगखालून (वळणावरच्या सपाट टप्प्याखालून) वाट असेल तर डोक्यावर २.२ मीटर मोकळं हवं.

आता ठेकेदाराचा हिशेब बघू. मजल्याची उंची ३ मीटर धरली तर १५ पायऱ्यांत एक रायझर २०० मिलिमीटरचा होतो. मर्यादा ओलांडली. ९ इंच म्हणजे साधारण २२८ मिलिमीटरचा ट्रेड, तोही कमी. पण ठेकेदार तुम्हाला एक जुनं सूत्र ऐकवेल, आणि ते ऐकून गोंधळू नका. १६७५ साली फ्रँस्वा ब्लाँडेल या फ्रेंच वास्तुविशारदाने माणसाच्या पावलावरून मांडलं की रायझरची दुप्पट अधिक ट्रेड ही बेरीज ठरावीक राहिली पाहिजे. आज आपण ती ६०० ते ६४० मिलिमीटरच्या दरम्यान ठेवतो. ८ आणि ९ इंचांची बेरीज ६३४ येते, म्हणजे सूत्रात बसते! तरीही तो जिना वाईट आहे. सूत्र फक्त पावलाची लय सांगतं, चढ किती हे सांगत नाही. ८ बाय ९ चा चढ जवळजवळ ४२ अंशांचा होतो. चढताना धाप लागते एवढंच, खरा धोका उतरताना असतो. २२८ मिलिमीटरच्या ट्रेडवर मोठ्या माणसाचं पाऊल पूर्ण बसत नाही. टाच मागच्या रायझरला घासते, म्हणून माणूस पाऊल पुढे ढकलतो आणि चवडा हवेत राहतो. गुडघे दुखणारी बाई अशा जिन्यावर आडवी होऊन उतरते, ते तुम्ही जुन्या वाड्यांत पाहिलं असेल. तिथे भिंतीच्या जाडीतून काढलेले अंधारे, उभे जिने असत आणि धरायला वरून सोल लोंबत असे. दोराशिवाय त्या जिन्याचं चालणार नाही हे बांधणाऱ्याला ठाऊक होतं.

माझा सल्ला १७ रायझरचा. ३००० भागिले १७, म्हणजे १७६.५ मिलिमीटर, साधारण ७ इंच. ट्रेड २७५ ठेवा. बेरीज ६२८, चढ ३३ अंशांच्या आत. नियमाच्या दृष्टीने १६ रायझरही चालतात, १८७.५ चा एक. पण तुमच्याकडे विषम पायऱ्यांचा आग्रह असणार, ठेकेदार १५ म्हणाला त्यातही तो असणारच. विषमच हव्या असतील तर १५ कडे उतरू नका, १७ कडे चढा. वास्तू मानणारे वडीलधारेही खूश आणि आईंचे गुडघेही. जागेचा फरक किती पडतो? वळणाच्या जिन्यात पहिल्या फ्लाइटला, म्हणजे लँडिंगपर्यंतच्या सलग पायऱ्यांना, ९ रायझर म्हणजे ८ ट्रेड, २२०० मिलिमीटर लांबी. ठेकेदाराच्या जिन्यात ७ ट्रेड, साधारण १६०० मिलिमीटर. फरक २ फुटांचा. हॉलमधले २ फूट द्या. जिना आधी बसवायचा आणि खोल्या नंतर, हा क्रम उलटा झाला की जिन्यालाच आकसावं लागतं.

वळणावर जागा वाचवायला लँडिंगच्या चौकोनात तिरक्या, त्रिकोणी पायऱ्या काढायचं कोणी सुचवेल. आतल्या बाजूला त्या पायऱ्या शून्य होत जातात आणि माणूस वळताना नेमका आतल्या बाजूने जातो. आई आणि लहान मूल घरात असताना तर नकोच. पूर्ण सपाट लँडिंग ठेवा, जिन्याच्या रुंदीएवढं तरी.

लँडिंगखाली संडास काढायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. तुमच्या जिन्यात ९ रायझर चढल्यावर लँडिंग १५८८ मिलिमीटरवर येतं, त्यातून १५० चा स्लॅब वजा केला की खाली १४३८ उरतात. म्हणजे पावणेपाच फूट. तिथे इन्व्हर्टर ठेवा, पाण्याची मोटर ठेवा. माणूस उभा राहील अशी वापराची जागा तिथे होत नाही.

आता ज्या चुकीमुळे मी हे एवढं लांब लिहितोय ती.

काही वर्षांपूर्वी एका बंगल्यात मला बोलावलं, जिना घसरतो अशी तक्रार होती. घरातल्या मावशी दोनदा पडल्या होत्या, दुसऱ्यांदा मनगट मोडलं. घरच्यांनी ग्रॅनाइटला दोष दिला, खरखरीत पट्ट्या चिकटवल्या, तरी सून एकदा तिथेच धडपडली. मी विचारलं, कोणत्या पायरीवर? सगळ्यांनी एकच जागा दाखवली, वरून उतरताना पहिली. टेप काढला. मधल्या सगळ्या पायऱ्या १८७, १८८. सर्वांत वरची २२२. मग खाली गेलो. सर्वांत खालची १५३. मावशींचा पाय दर वेळी साडेतीन सेंटिमीटर जास्त खाली जमीन शोधत होता.

हे कसं होतं ते नीट समजून घ्या, कारण तुमच्याकडेही होऊ शकतं. सेंटरिंगवाला पायऱ्या कच्च्या स्लॅबपासून कच्च्या स्लॅबपर्यंत समान वाटतो. त्याच्या दृष्टीने काम चोख असतं. मग खालच्या मजल्यावर माल (सिमेंट-वाळूचं मिश्रण) आणि टाइल मिळून ७५ मिलिमीटरचं फ्लोअरिंग येतं, वरच्या मजल्यावरही ७५ येतं, पण पायरीवर माल आणि ग्रॅनाइट मिळून फक्त ४० येतं. मधल्या पायऱ्या सगळ्या सारख्याच उचलल्या जातात, त्यांना काही होत नाही. खालची पहिली ३५ ने कमी होते, कारण तिच्या पायथ्याची जमीन ७५ ने वर आली आणि ती स्वतः ४० नेच वर गेली. वरची शेवटची ३५ ने वाढते. चढता-उतरताना आपण प्रत्येक पायरी बघत नाही. पहिल्या दोन-तीन पायऱ्यांत पायाला माप कळतं आणि पुढे तो त्याच हिशेबाने पडतो. अमेरिकेतल्या बांधकाम संहितेत एका फ्लाइटमधल्या सर्वांत उंच आणि सर्वांत बुटक्या पायरीत ३/८ इंचापेक्षा, म्हणजे साडेनऊ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक चालत नाही. आमच्या मावशींच्या जिन्यात तो जवळजवळ ७० मिलिमीटरचा होता, आणि ठेकेदाराने एकही पायरी चुकीची ओतली नव्हती.

उपाय फुकट आहे. सेंटरिंगच्या आधी दोन्ही मजल्यांचं तयार फ्लोअरिंग कुठे येणार ती पातळी लेव्हल पाइपने भिंतीवर मारून घ्या. कुठली टाइल, किती जाडीचा माल, पायरीला कोणता दगड, हे आजच ठरवा. तयार फरशीपासून तयार फरशीपर्यंतच्या उंचीचे १७ समान भाग करा आणि त्या खुणा भिंतीवर रंगवा. मग कच्ची पायरी प्रत्येक खुणेच्या ४० मिलिमीटर खाली. तुमच्या हिशेबाने कच्च्या कामात खालची पायरी सुमारे २११ ची दिसेल आणि वरची १४१ ची. मिस्त्री म्हणेल, साहेब, हे चुकलंय. त्याला सांगा, फरशी बसल्यावर मोजू.

घसरण्याबद्दल थोडं. पॉलिश केलेला ग्रॅनाइट पायरीवर घालू नका, विशेषतः बाहेरच्या आणि गच्चीकडे जाणाऱ्या जिन्यावर. पावसात ओले पाय येतातच. तुमच्याच जिल्ह्यात मांढरदेवीला २५ जानेवारी २००५ रोजी अडीचशेहून अधिक भाविक गेले, त्या दुर्घटनेत नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्यांवरून माणसं घसरणं हे एक कारण होतं. घरात तेवढी गर्दी नसते, पण ओला गुळगुळीत दगड तसाच वागतो. लेदर फिनिश किंवा फ्लेम्ड ग्रॅनाइट घ्या, नाहीतर साधा रफ कोटा. कडेला दोन-तीन खाचा मारून घ्या आणि नोझिंग गोल करा. आणि एक गोष्ट जी दुकानात कोणी सांगणार नाही: संपूर्ण जिना एकाच गडद रंगाचा केला की मोतीबिंदू झालेल्या डोळ्याला वरून बघताना पायऱ्यांच्या कडा दिसतच नाहीत, एक काळा उतार दिसतो. प्रत्येक पायरीच्या कडेला वेगळ्या रंगाची दोन इंची पट्टी द्या. दिव्याचं बटण खाली आणि वर दोन्हीकडे, टू-वे.

आता कठडा. अडीच फूट म्हणजे ७६० मिलिमीटर. मोठ्या माणसाच्या कमरेच्या खाली येतो तो. तोल गेला की शरीराचा जड भाग कठड्याच्या वर राहतो आणि माणूस पलीकडे जातो. म्हणून १ मीटर. गच्ची, बाल्कनी आणि जिन्याच्या वरच्या तोंडाशी मोकळी कड असेल तिथेही मीटरपेक्षा कमी नको.

आडव्या दांड्या तुमच्या मुलासाठी शिडी आहेत. तीन वर्षांचं पोर दुसऱ्या दांडीवर पाय ठेवून माथ्यावर पोट टेकवतं, आणि १ मीटरचा कठडा त्याच्यासाठी अर्ध्या मीटरचा होतो. उभ्या दांड्या घ्या. दोन दांड्यांमधलं मोकळं अंतर १०० मिलिमीटरपेक्षा कमी. ब्रिटन आणि अमेरिकेत हा नियम चेंडूने तपासतात: साधारण १०० मिलिमीटरचा गोळा कुठूनही पलीकडे जाता कामा नये. मुलाचं अंग जाईल एवढ्या फटीतून आधी पाय आणि धड जातं, मग डोकं अडकतं. रेलिंग बसल्यावर तुम्हीही तेवढा चेंडू घेऊन प्रत्येक फटीत घालून बघा, पायरी आणि खालच्या दांडीमधल्या त्रिकोणातही. काच हवी असेल तर लॅमिनेटेड टफन्ड घ्या. नुसती टफन्ड फुटली की तिचा चुरा होतो आणि कठड्याच्या जागी भोक उरतं.

कठडा आणि धरायची दांडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याकडे दुसरी गोष्ट विसरली जाते. कठडा पडण्यापासून अडवतो, दांडी तोल जाताना पकडायला लागते. ती मुठीत मावली पाहिजे, अंगठा आणि बोटं जवळजवळ भिडली पाहिजेत. ३८ ते ४५ मिलिमीटर व्यासाचा गोल पाइप उत्तम. चार इंच रुंद सागवानी पट्टी किंवा ग्रॅनाइटची फळी सुंदर दिसते, पण त्यावर हात फक्त टेकतो, पकड बसत नाही. आईंसाठी भिंतीच्या बाजूलाही दुसरी दांडी लावा, भिंतीपासून ५० मिलिमीटर सुटी. दिव्यांगांसाठीच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत दांडी पहिल्या पायरीच्या आधी आणि शेवटच्या पायरीनंतर ३०० मिलिमीटर पुढे न्यायला सांगितलंय. त्यामागचं कारण साधं आहे: पहिलं पाऊल टाकण्याआधी हात दांडीवर असायला हवा आणि शेवटचं पाऊल जमिनीवर टेकेपर्यंत सुटता कामा नये. लँडिंगच्या वळणावर दांडी तोडू नका. फॅब्रिकेटर वेल्डिंग वाचवायला तिथे खांब उभा करून दोन तुकडे करतो, आणि माणूस वळताना नेमका हात सोडतो. मुलासाठी खाली ७०० मिलिमीटरच्या आसपास एक बारीक दांडी भिंतीवर लावली तर तो स्वतः धरून चढेल. ती फक्त भिंतीच्या बाजूला, मोकळ्या बाजूला नको, नाहीतर ती परत शिडी होते.

आता ज्यावर फॅब्रिकेटर आणि मी नेहमी भांडतो ते, म्हणजे रेलिंगचा पाया. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात कठड्यावर आडवा जोर किती धरायचा ते दिलंय. घराच्या आतल्या जिन्याला मीटरमागे ०.३५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण ३५ किलो. इतर ठिकाणी ०.७५, आणि गर्दी बिथरू शकते अशा जागी २.२५. मी घरातही ०.७५ धरतो, कारण घरात बारसं होतं, गणपती होतात, सोफा वर चढवतात. ७५ किलो म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण खांब १ मीटर उंच आहे आणि त्याच्या बेसप्लेटखाली बोल्टपासून टेकणाऱ्या कडेपर्यंतचं अंतर फार तर ७५ मिलिमीटर. वरचा ७५ किलोचा धक्का खाली बोल्टांवर १००० किलोची ओढ होतो. आता त्या बोल्टाकडे बघा. ६० मिलिमीटरचा अँकर, त्यातले ४० ग्रॅनाइट आणि मालात, काँक्रीटमध्ये शिरले फक्त २०. सहा महिन्यांत रेलिंग हलायला लागतं, मग कोणी पांढऱ्या सिमेंटने भरतं, परत हलतं.

म्हणून फरशी बसवायच्या आधीच खांबांच्या जागा ठरवा आणि काँक्रीटमध्ये एम्बेड प्लेट (आतच पुरलेली लोखंडी प्लेट) टाकून घ्या, किंवा वेस्ट स्लॅबच्या, म्हणजे पायऱ्यांखालच्या तिरक्या स्लॅबच्या, बाजूने केमिकल अँकरने (रसायनाने चिकटवलेल्या बोल्टने) पकडा, निदान ८० मिलिमीटर खऱ्या काँक्रीटमध्ये. बाजूने पकडलं तर जिन्याची मोकळी रुंदीही वाचते आणि दगडाला भोकं पडत नाहीत. स्टील ३०४ ग्रेडचं मागा आणि बिलावर लिहून घ्या. २०२ स्वस्त पडतं आणि आपल्या पावसात त्यावर तांबूस डाग येतात. कोकणात किनाऱ्याजवळ घर असतं तर ३१६ सांगितलं असतं.

तुम्ही शेवटी विचारलं होतं की प्लॉटच्या मागच्या बाजूला काकांचं मंगल कार्यालय होणार आहे, हॉल पहिल्या मजल्यावर, तिथेही असाच जिना चालेल का. नाही, आणि त्यासाठी वेगळा माणूस नेमा, अग्निशमनाच्या परवानगीसकट. एवढंच सांगतो की तिथे रुंदी माणसं मोजून ठरते: एनबीसीप्रमाणे जिन्यात माणशी १० मिलिमीटर. ६०० पाहुणे असतील तर एकूण ६ मीटर, म्हणजे २ मीटरचे तीन जिने, एकमेकांपासून दूर. २९ सप्टेंबर २०१७ ला मुंबईत एल्फिन्स्टन रोड रेल्वे स्थानकाच्या पादचारी पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. जिना तुटला नव्हता, त्या गर्दीला तो पुरला नाही. काकांना हा आकडा हॉलचा नकाशा काढायच्या आधी सांगा.

तुमच्या जिन्यासाठी या आठवड्यात करायचं ते हे. टाइल आणि पायरीचा दगड नक्की करा, जाडी लिहून ठेवा. दोन्ही तयार पातळ्या भिंतीवर मारा, १७ खुणा रंगवा, आणि सेंटरिंगवाल्याला त्या खुणांवरच काम करायला सांगा. रेलिंगच्या खांबांच्या जागा जिन्याच्या सळईबरोबरच दाखवा. काँक्रीटच्या आदल्या संध्याकाळी टेप घेऊन प्रत्येक शटरची (पायरीच्या साच्याच्या फळीची) उंची स्वतः मोजा, सतराच्या सतरा.

ठेकेदार तरीही ऐकत नसेल तर साइटवर विटा आहेतच. एका बाजूला ७ इंच उंच आणि ११ इंच रुंद अशा तीन पायऱ्या रचा, शेजारी ८ बाय ९ च्या तीन. आईंना दोन्हीवर एकदा चढून उतरू द्या, त्यांचा हात धरायला तुम्ही शेजारी थांबा, आणि ठेकेदाराला समोर उभं करा.